आत्याचा पॉज

नाटकात आत्या काय काय बोलते हे प्रेक्षकांना घरी पोहोचेपर्यंतही आठवत नाही. ती कुठे बोलत नाही, ते मात्र वर्षानुवर्षं आठवतं.

दुसऱ्या अंकात मुलीला मागणी घालायला आलेला तरुण स्वतःच्या गुणांचं वर्णन करतो. तो निर्व्यसनी आहे, पहाटे उठतो, आईचा शब्द मोडत नाही, बायकोचाही मोडणार नाही, आणि दोघींचे शब्द एकमेकींवर आदळले तर काय करायचं याचाही त्याने विचार करून ठेवलेला आहे. हे सगळं तो एका दमात सांगतो. मग मुलीच्या आजीचं काम करणारी आत्या त्याच्याकडे बघते. नुसती बघते. बुटांपासून सुरुवात करून भांगापर्यंत जाते, भांगात काही सापडलं नाही म्हणून पुन्हा बुटांवर येते. तेवढ्यात प्रेक्षागृहात कुणीतरी फिसकन हसतं, मग ती रांग हसते, मग बाल्कनी. आणि मग आत्या अतिशय आपुलकीने विचारते, "पाणी देऊ?"

याला धंद्यात 'आत्याचा पॉज' म्हणतात. तिची भाची लहानपणी विंगेत बसून "आत्या, आत्या" करायची, तेव्हापासून ती अख्ख्या कंपनीची आत्या झाली. निर्मात्याचीही झाली, जो तिच्याहून वयाने मोठा आहे.

आत्याला वाक्यं आठवेनाशी झाली, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. विंगेत प्रॉम्प्टर होताच, आणि तो तिचा नवरा होता. काका आयुष्यभर तिला वाक्यं पुरवत आले होते. घरी मात्र हा पुरवठा उलट्या दिशेने चाले. पण काकांना खोकला जडला आणि त्यांची कुजबुज पाचव्या रांगेपर्यंत जाऊ लागली. एका प्रयोगात तर काकांनी वाक्य दिलं, आत्याने ते म्हटलं, आणि पाचव्या रांगेतला एक गृहस्थ "काकांचं जास्त चांगलं झालं" असं म्हणाला. त्या दिवशी दिग्दर्शकाने भाचीला फोन केला.

भाची एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. म्हणजे नक्की काय करते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काका पाहुण्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत, जशी काही ती आत अडकली आहे. तिने आठवडाभर बसून आत्यासाठी एक यंत्रणा तयार केली. वाटाण्याएवढा इअरफोन आत्याच्या कानात. विंगेत लॅपटॉप, त्याला जोडलेलं एक बटण, आणि बटणावर काका. समोरच्या पात्राचं वाक्य संपलं की काकांनी बटण दाबायचं. पुढे आत्याचं वाक्य तुकड्या-तुकड्यांनी, एकेक श्वासाचं अंतर ठेवून, यंत्र आपणहून तिच्या कानात सांगणार.

संहिता भाचीने काकांच्या प्रतीवरून जशीच्या तशी टाइप केली. काकांची पद्धत सोपी होती. जिथे वाक्य तोडायचं तिथे एक उभी रेघ. जिथे थांबायचं तिथे रेघांच्या मागे रेघा, मध्ये काहीच नाही. जितक्या रिकाम्या जागा तितके श्वास थांबायचं. 'पाणी देऊ'च्या आधी काकांनी रेघांचं कुंपणच घातलं होतं.

मजकूर रेघांवर तोडायचं काम भाचीने स्वतः लिहिलं नाही. त्यासाठी लायब्ररी असते. ही पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कामांचा हा गठ्ठा असतो, आपण तो उचलायचा आणि वापरायचा. आयत्या बिळावर नागोबा होण्याला या व्यवसायात कौशल्य म्हणतात. लायब्ररीला लांबलचक मजकूर द्यायचा, कुठल्या चिन्हावर तोडायचं ते सांगायचं, की तुकडे हातात. अशा तुकड्याला टोकन म्हणतात. भाची ऑफिसात याच लायब्ररीने रोज हजारो पत्ते तोडत असे आणि आजवर एकाही पत्त्याने तक्रार केली नव्हती.

पहिल्याच तालमीत आत्या एकही शब्द चुकली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नाटक मात्र पडलं.

काय बिघडलं ते कुणाला सांगता येईना. शब्द जागेवर, हालचाली जागेवर, पण हसू कुठे येईना. मध्यंतर इतकं लवकर झालं की कँटीनवाल्याचं पाणी अजून उकळलंही नव्हतं. तो निर्मात्याकडे तक्रार घेऊन आला, आणि निर्माता मात्र "सुटसुटीत झालंय" म्हणून खूश होता. दुसऱ्या अंकात मागणी घालणाऱ्या तरुणाचं काम करणारा नट, ज्याला कंपनीत सगळे जावईबापू म्हणतात, आपलं भाषण संपवून नेहमीप्रमाणे उभा राहिला. ओठ मिटायच्या आत समोरून आलं, "पाणी देऊ?"

जावईबापू दचकून "हो" म्हणाला. संहितेत तसं काही नव्हतं.

"आत्या, पॉज?" दिग्दर्शक खालून म्हणाला.

"हो हो," आत्या म्हणाली. "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जावईबापूने भाषण संपवता संपवता हात पुढे केला, जणू पेला येतोच आहे.

त्या आठवड्यात दोन प्रयोग झाले आणि दोन्हीकडे त्या जागी कुणी खोकलंसुद्धा नाही. दिग्दर्शक सभ्य माणूस होता. त्याने कुणालाही काढून टाकलं नाही. फक्त एका पंचेचाळिशीच्या नटीला "सहज" तालमींना बसायला सांगितलं. ती सहज येऊन बसायची, सहज वही घेऊन, आणि सहजच पांढऱ्या केसांचा टोप डोक्याला होतो का ते बघायची.

"आत्या, रविवारी दुपारचा प्रयोग तुमचा," दिग्दर्शक म्हणाला. "मोकळेपणाने करा. त्यानंतर जरा विश्रांती घ्या, असं आपलं मला वाटतं."

"किती विश्रांती?"

"बघू ना."

रंगभूमीवर 'बघू ना' म्हणजे काय हे आत्याला दिग्दर्शकाच्या जन्माआधीपासून माहीत होतं.

घरी काका तिच्यावर उखडले. "अगं, एवढ्या रेघा मारून ठेवल्यात मी! थांबायला काय होतं तुला?"

"मला कुठे दिसतात तुमच्या रेघा? कानात येतं ते बोलते."

"कानात येतं म्हणून लगेच ओकायचं? मी द्यायचो तेव्हा थांबायचीस."

"तेव्हा दम्याने तुम्ही थांबायचात, म्हणून मी थांबायचे."

"मला दमा नाही. खोकला आहे."

नेहमी हे भांडण इथून पुढे खोकल्याच्या प्रकारांवर जात असे. त्या दिवशी गेलं नाही. आत्या खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाली, "शब्द गेले तेव्हा मला काही वाटलं नाही हो. शब्द काय, लेखकाचे असतात. पण थांबणं माझं होतं. ते गेलं म्हणजे आता राहिलं काय?"

काका उठले. त्यांनी भाचीला फोन लावला.

"तुझी आत्या रडत नाहीये," ते घाबरून म्हणाले. "ये लवकर."

भाची दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजा घेऊन आली. तिने आत्याची विचारपूस केली, चहा घेतला, आणि मग आत्याचा इअरफोन पुसून स्वतःच्या कानात घातला. "काका, तुम्ही जावईबापू व्हा. भाषण म्हणा आणि बटण दाबा."

काकांनी भाषण म्हटलं. आईच्या शब्दापाशी थोडे गहिवरले, कारण इतक्या वर्षांत विंगेबाहेर हे भाषण म्हणायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. मग बटण दाबलं.

"पाणी देऊ?" भाचीच्या कानात तत्काळ आवाज आला. बँकेत नंबर पुकारणाऱ्या बाईसारखा, गोड आणि निर्दय.

"पुन्हा," भाची म्हणाली.

पुन्हा तेच. तिने संहिता उघडून बघितली. रेघा होत्या. मग लायब्ररीने दिलेले तुकडे उघडून बघितले. शब्द सगळे होते. रिकामी जागा मात्र औषधालाही उरली नव्हती. 'पाणी देऊ' आधीच्या वाक्याला असं चिकटून बसलं होतं जसं मधे कधी काही नव्हतंच.

मग तिने एक गोष्ट केली जी तिच्या व्यवसायात सगळे उपाय थकल्यावर करतात: लायब्ररीसोबत आलेली माहिती वाचली. त्यात अगदी शेवटाकडे, थोड्या अभिमानानेच, लिहिलं होतं की दोन चिन्हांमध्ये काही नसेल तर तो रिकामा तुकडा निरुपयोगी समजून आपोआप फेकून दिला जाईल. वापरणाऱ्याने काळजी करू नये.

"आत्या!" भाची ओरडली. "तू नाही थांबायची विसरलीस. तुझं थांबणं यानं कचऱ्यात टाकलंय!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. "कुणी?"

"लायब्ररीने."

"मी कधी तिचं काय वाईट केलं?"

भाचीने टेबलावर समजावून सांगितलं. शेंगदाणे मांडले, मधे मधे काड्यापेटीच्या काड्या ठेवल्या. जिथे दोन काड्यांमध्ये शेंगदाणा नाही तिथे पॉज. मग लायब्ररी काय करते ते दाखवायला तिने काड्या काढून घेतल्या आणि शेंगदाणे जवळ सरकवले. आत्याने नीट बघितलं.

"म्हणजे मी रेघेवर थांबत नव्हते, कारण मला रेघ मिळतच नव्हती."

"हो."

"आणि हे," तिने काकांकडे बघितलं, "घरात बसून मला ओकते म्हणाले."

काकांनी एक शेंगदाणा खाल्ला. तोही पुराव्यातला.

भाचीने लायब्ररीच्या रखवालदाराला लिहिलं. या लायब्रऱ्या जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात राहणारा एखादा मनुष्य फुकट सांभाळत असतो, आणि फुकट काम करणाऱ्याचा शब्द सरकारी शिक्क्यापेक्षा जड असतो. त्याचं उत्तर जेवणाच्या आत आलं. हा दोष नसून सोय आहे, असं त्याने कळवलं. हजारो लोक रिकामे तुकडे मिळत नाहीत म्हणून सुखात आहेत. शेवटी त्याने प्रामाणिक कुतूहलाने विचारलं होतं, की रिकाम्या तुकड्याची गरज जगात कुणाला पडते?

भाचीने उत्तर दिलं, "माझ्या आत्याला." आणि तोडकाम स्वतः लिहायला बसली.

ते काही अवघड नव्हतं. एकेक अक्षर बघत जायचं. रेघ आली की आतापर्यंत साठलेलं बाजूला ठेवायचं, साठलेलं काहीच नसेल तर ते काहीच-नाही सुद्धा जपून बाजूला ठेवायचं. ऑफिसातल्या तिच्या टीम लीडने फोनवर हे ऐकलं तेव्हा तो हळहळला. "लायब्ररी असताना हाताने लिहितेस? लोक काय म्हणतील?"

"लोक हसले तर बरंच," भाची म्हणाली. त्याला काही कळलं नाही.

शनिवारच्या तालमीला सगळे जमले. सहज येणारी नटीही आली. आज तिने सहज आजीचा चष्माही आणला होता. जावईबापूने भाषण म्हटलं. काकांनी बटण दाबलं. आत्याने बुटांपासून बघायला सुरुवात केली. दिग्दर्शक खुर्चीच्या कडेवर आला. आत्याची नजर गुडघ्यापर्यंत पोहोचली, आणि ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने जावईबापूला म्हणाली,

"मजकूर नाही."

दिग्दर्शकाने संहिता उलटून बघितली.

"मजकूर नाही," आत्या पुन्हा म्हणाली. जावईबापू एक पाऊल मागे सरकला. "मजकूर नाही. मजकूर नाही. पाणी देऊ?"

प्रकाशयोजना करणारा वरच्या मचाणावर असा हसला की एक दिवा हलला. सहज येणाऱ्या नटीने वहीत तोंड खुपसलं. दिग्दर्शकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की रविवारच्या काळजीचं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. झालं होतं असं की रिकामे तुकडे आता इमानेइतबारे येत होते, पण बोलणाऱ्या यंत्राला रिकामा कागद हातात दिल्यावर गप्प बसायचं वळण नव्हतं. काही नाही, तर काही नाही असं तरी ते सांगणारच. असे लोक आपण सभासमारंभांतून बघतोच.

"अगं, पण तू कशाला म्हणालीस ते?" भाचीने विंगेत विचारलं.

"मला वाटलं लेखकाने बदललं," आत्या म्हणाली. "वाईट नाही गं. त्या मुलाच्या भाषणाबद्दल दुसरं काय म्हणणार?"

पण गंमत एवढीच, की ती हसत होती. कितीतरी दिवसांनी तिच्यामुळे एक हॉल हसला होता, भले तो रिकामा का असेना.

दिग्दर्शक विंगेत आला. "आत्या, हे यंत्र उद्या नको."

"मग वाक्यं कोण देणार?" काका म्हणाले आणि नेमके खोकले.

दिग्दर्शकाने काकांकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि दोन संकटांपैकी कमी आवाजाचं निवडलं. "पण उद्या असलं काही झालं तर तिसऱ्या अंकाला मी टोप दुसऱ्या डोक्यावर चढवीन," तो म्हणाला. सभ्यपणा संपला की माणूस स्पष्ट बोलतो, हा एक फायदाच.

भाचीने तिथेच विंगेत, रंगवलेल्या खिडकीला पाठ टेकून, शेवटची दुरुस्ती केली. तुकडा रिकामा असेल तर बोलणाऱ्या यंत्राला उठवायचंच नाही. एक श्वास थांबायचं आणि पुढे जायचं. एक श्वास म्हणजे किती, हे तिने आत्याला समोर बसवून ठरवलं. आत्या श्वास घेत होती, भाची मोजत होती, आणि काका मधूनमधून "हिचा असा लांब नसतो" अशी भर घालत होते.

रविवारी दुपारी हॉल निम्मा भरला होता. नाटक पडतंय ही बातमी नाटकापेक्षा जास्त चालली होती. पहिला अंक ठीक गेला. शब्द आले, छोटे पॉज आले, दोनचार ठिकाणी लोक हसले, आणि कँटीनवाल्याने विंगेत डोकावून "आज वेळेवर दिसतंय" असा पहिला अभिप्राय दिला.

दुसरा अंक सुरू झाला. भाची काकांशेजारी लॅपटॉपवर डोळे लावून बसली. पलीकडच्या विंगेत दिग्दर्शक उभा होता आणि त्याच्यामागे ती नटी, टोप आणि चष्म्यासकट, पूर्ण आजी होऊन. जावईबापूने भाषण सुरू केलं. निर्व्यसनी झाला, पहाटे उठला, आईचा आणि बायकोचा शब्द सांभाळला, आणि थांबला.

काकांनी बटण दाबलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक रिकामी ओळ आली. आत्याने बुटांकडे बघितलं. दुसरी रिकामी ओळ. आत्या गुडघ्यांवरून वर निघाली. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. तिसरी रिकामी ओळ. आत्या शर्टाच्या गुंड्या एकेक करून तपासत होती. डाव्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. चौथी रिकामी ओळ. आत्या भांगापर्यंत पोहोचली, आणि ती रांग हसली.

मग पडद्यावर शब्द उमटले: पाणी देऊ.

श्वास संपले होते. हसू तर आत्ता कुठे सुरू होत होतं आणि त्या गोड, निर्दय बाईने आत्याच्या कानात वाक्य टाकलं होतं. आता आत्या तोंड उघडणार, आणि हे एवढंसं हसू चिरडलं जाणार.

आत्याने तोंड उघडलं नाही.

तिला भांगात काही सापडलं नव्हतं. ती सावकाश खाली निघाली. गुंड्या, गुडघे. बाल्कनी हसली. बुटांवर पोहोचली तेव्हा जावईबापूला राहवलं नाही. त्याने स्वतःही खाली वाकून आपल्या बुटांकडे बघितलं, काही राहून गेलं का म्हणून. आणि मग तो निम्मा भरलेला हॉल असा हसला की रिकाम्या खुर्च्याही भरल्यासारख्या वाटल्या. तिकीट खिडकीवरचा माणूस खिडकी उघडी टाकून आत आला. कँटीनवाला हातात गाळणी घेऊन उभा होता आणि गाळणीतून चहा त्याच्या चपलेवर पडत होता. आत्या थांबली होती. हसू वर चढलं, माथ्यावर गेलं, तिथे जरा रेंगाळलं, आणि उतरायला लागायच्या नेमक्या क्षणी, जो क्षण कुठल्याही रेघेने दाखवता येत नाही, आत्या अतिशय आपुलकीने म्हणाली,

"पाणी देऊ?"

टाळ्या इतका वेळ चालल्या की जावईबापूने खरोखर पाणी मागून प्यायलं.

अंक संपल्यावर दिग्दर्शक धावत मेकअप रूममध्ये आला. त्याच्या मागोमाग टोप हातात घेऊन ती नटी आली आणि दिग्दर्शकाच्या आधी बोलली. "आत्या, मला हे जमणार नाही. मी विंगेत हसले. माझा चष्मा पडला."

"फुटला?"

"फुटला."

"चांगलं झालं," आत्या म्हणाली, "वयाच्या आधी लावू नये." आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

"आत्या, ते विश्रांतीचं…" दिग्दर्शकाने सुरुवात केली.

"बघू ना," आत्या म्हणाली.

दिग्दर्शकाने मान खाली घालून हे पदरात घेतलं, आणि बाहेर जाऊन निर्मात्याला पुढच्या सगळ्या प्रयोगांच्या जाहिरातीत आत्याचं नाव मोठं करायला सांगितलं. किती मोठं, यावर बाहेर थोडा वेळ वाद ऐकू येत होता.

भाची आरशाजवळ लॅपटॉप घेऊन उभी होती. आपलं तोडकाम चाललं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या दुपारी जगात बहुधा ती एकटीच होती जिला चार रिकाम्या ओळी बघून टाळी वाजवावीशी वाटली होती.

"तुझं यंत्र शहाणं आहे," आत्या म्हणाली. "पण घाई करतं."

"आणखी रिकाम्या जागा घालू? किती हव्यात सांग."

"ते मी आत्ता कसं सांगू? त्या दिवशीचे लोक बघून ठरतं ते." तिने इअरफोन पुन्हा कानात सारला, नीट बसला का ते बोटाने चाचपलं. "पण ह्या आहेत त्या काढू नकोस. त्या आल्या ना कानात, त्या शांततेत मला माझं आठवलं."

तिसऱ्या अंकाची घंटा झाली. काका बटणाकडे निघाले. आत्या उठली, पदर सारखा केला आणि आरशातल्या आजीकडे एकदा बुटांपासून भांगापर्यंत बघून घेतलं.

"चला," ती म्हणाली. "पुढच्या अंकात असे आणखी दोन पॉज आहेत."